मार्चमधल्या एकाच वादळात शेजारच्या गावात दीड फूट बर्फ आणि आमच्याकडे नुसता चिखल, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. ॲपवर आठ ते बारा इंच दाखवत होतं, शाळांना सुट्टी मिळाली, ऑफिसने घरून काम करायला सांगितलं, तुम्ही दूध-ब्रेड भरून ठेवलं, आणि पडला तो चिखल. ऑफिसातला, वर टेकड्यांतल्या डेनव्हिलचा माणूस मात्र दीड फुटाचे फोटो टाकतोय. अंदाज सांगणाऱ्यांना काही कळतं की नाही?

कळतं हो. पण मार्चच्या बर्फात सगळा खेळ एका रेषेचा असतो. रेषेच्या अलीकडे पाऊस, पलीकडे बर्फ. ती कुठून जाणार हे वादळाच्या आदल्या रात्रीपर्यंत पंधरा-वीस मैल इकडेतिकडे होत राहतं, आणि एडिसन नेमकं त्या पंधरा-वीस मैलांत येतं. ॲपला रेषा दाखवता येत नाही, म्हणून ते एक आकडा छापतं.

मी मूळचा वाईचा, त्यामुळे हे मला फारसं नवलाचं वाटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की हजारसुद्धा नाही. मधलं अंतर तीसेक किलोमीटर. लहानपणी वरून येणारी एसटी ओलीचिंब असायची आणि आमच्या स्टँडवर धूळ उडत असायची. मुंबईकरांना 26 जुलै 2005 आठवत असेल: सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. पण पावसाला प्रश्न एकच, पडणार किती? मार्चच्या बर्फाला तीन असतात. पडणार किती, बर्फ म्हणून पडणार का, आणि पडल्यावर टिकणार का. तिन्हींची उत्तरं दर पाच मैलांना बदलतात.

माझ्या आठवणीतलं सगळ्यात ठळक वादळ 7 मार्च 2018 चं. त्याआधी दोनच आठवडे, 21 फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 78 अंश फॅरेनहाइट झालं होतं. म्हणजे साडेपंचवीस सेल्सिअस, भर फेब्रुवारीत! लोक हाफ पँटीत फिरत होते, मीही ग्रिल बाहेर काढली होती. मग 2 मार्चला एक वादळ येऊन झाडं पाडून गेलं. काही घरांत वीजही आली नव्हती, तोवर हे दुसरं दारात.

आम्ही सहा मराठी हवामानवेडे आहोत, न्यू जर्सीभर विखुरलेले. एक जर्सी सिटीत, एक तुमच्याच एडिसनला, एक समुद्राकाठी लाँग ब्रांचजवळ, एक पार वर ससेक्स काउंटीत वगैरे, आणि मी मॉरिस काउंटीतल्या टेकडीवर. 6 मार्चच्या रात्री आमचं नेहमीचं जागरण. साडेदहाला 'जीएफएस' हे अमेरिकन मॉडेल (म्हणजे संगणकाने काढलेला हवामानाचा अंदाज) यायला लागतं, 'नॅम' हे दुसरं अमेरिकन मॉडेल त्याच्या आधीच येऊन गेलेलं असतं, आणि रात्री एकच्या सुमारास 'युरो', म्हणजे युरोपियन केंद्राचं मॉडेल. नॅमचा स्वभाव आमच्या एका मामासारखा आहे. लग्नाला दोनशे माणसं येणार असतील तर तो पाचशे सांगणार. युरो त्यातल्या त्यात जबाबदार. बायको पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "एवढं जागून यूपीएससी दिली असतीस तर कलेक्टर झाला असतास." तिचं बरोबर आहे. पण त्या रात्री युरोने रेषा थोडी पूर्वेला ढकलली होती, मग झोप कसली येतेय.

सकाळी सगळीकडे सारखंच: रिमझिम, मध्येच ओले पुंजके. दुपारी मात्र चित्र फाटलं. माझ्या खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसाएवढे पुंजके इतके दाट पडायला लागले की रस्त्यापलीकडचं घर दिसेना. त्याच वेळी जर्सी सिटीवाल्याचा निरोप: "छत्री घेऊन भाजी आणायला चाललोय." लाँग ब्रांचवाल्याकडे नुसता पाऊस. तुमचा एडिसनवाला दर दहा मिनिटांनी निरोप बदलत होता: बर्फ, पाऊस, बर्फ, "साबुदाणा पडतोय". आकाशातून गोठलेल्या पाण्याच्या बारीक गोळ्या पडतात, त्याला आम्ही साबुदाणाच म्हणतो. तेवढ्यात माझ्याकडे वीज कडाडली. बर्फ पडताना गडगडाट पहिल्यांदा ऐकला की माणूस चक्रावतो, कारण आवाज बर्फात मुरून येतो, गादीखाली फटाका फोडल्यासारखा. गंमत वाटावी असा प्रकार, पण त्याच वादळात ओशन काउंटीतल्या मँचेस्टर टाउनशिपमध्ये शाळेबाहेर छत्री धरून उभ्या असलेल्या शिक्षिकेला विजेचा धक्का बसला. त्या वाचल्या. तेव्हापासून बर्फात गडगडलं की मी बर्फ मोजायला बाहेर पडत नाही.

रात्री हिशोब असा: माझ्याकडे 19 इंच. माझ्या जवळच्याच मॉंटव्हिलला 26.8. आणि तिथून सरळ रेषेत पंचवीस मैलांच्या आत असलेल्या सेंट्रल पार्कात तीन इंचांच्या आसपास.

आता असं का झालं?

पहिलं कारण उंचीचं. दर हजार फुटांना तापमान साधारण साडेतीन अंश फॅरेनहाइटने उतरतं. जानेवारीत, 20 अंशांच्या थंडीत, याला कोण विचारतो? मार्चमध्ये मात्र जर्सी सिटीत 35 असेल तर वर डोंगरात 32 च्या, म्हणजे पाणी गोठतं त्या तापमानाच्या, खाली असतं. लेक हॉपटकाँग हा तलाव समुद्रसपाटीपासून नऊशे फुटांवर आहे, तुमचं एडिसन शंभर-दीडशे फुटांवर. एवढा फरक पुरतो.

दुसरं, समुद्र. वादळ किनाऱ्याला धरून वर सरकतं तेव्हा त्याच्या पुढे पूर्वेचा वारा असतो, आणि मार्चच्या सुरुवातीला अटलांटिकचं पाणी चाळीस अंश फॅरेनहाइटच्या आगेमागे. थंडगारच, पण बर्फाच्या दृष्टीने ऊबदार. हे वारं सखल पट्ट्यात घुसतं आणि टेकड्यांपाशी अडतं. नॅनटकेट बेटाच्या दक्षिणेला, 40 अंश उत्तर आणि 70 अंश पश्चिम या ठिकाणाला हवामानवेडे 'बेंचमार्क' म्हणतात. वादळाचं केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर मोठ्या शहरांना बर्फ मिळण्याची आशा. किनाऱ्याला चिकटून गेलं तर ऊब आत शिरते आणि आय-95 महामार्गाच्या पूर्वेला बसतो पाऊस.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं, आणि तुमच्या प्रश्नाचा जीव त्यातच आहे. बर्फ वितळायला उष्णता लागते, एका ग्रॅमला ऐंशी कॅलरी. ती तो कुठून घेणार? आसपासच्या हवेतूनच. म्हणजे वरून येणारा बर्फ खालच्या कोमट थरात वितळतो आणि वितळता वितळता तो थर थंड करत जातो. जोरात पडत असेल तर तासाभरात सगळी हवा शून्य सेल्सिअसवर येते आणि पुढचा बर्फ न वितळता जमिनीपर्यंत पोचतो. हळू पडत असेल तर थंडावा पुरत नाही, पाऊसच राहतो. म्हणजे जिथे जोर जास्त तिथे बर्फ, आणि जिथे बर्फ तिथे ढीग. आणि हा जोर सगळीकडे सारखा नसतोच. वादळाच्या वायव्य बाजूला अरुंद पट्टे तयार होतात, दहा-वीस मैल रुंदीचे, आणि कधीकधी तासन्‌तास एकाच जागी ठाण मांडून बसतात. त्या दिवशी पट्टा आमच्या बाजूला बसला. पट्ट्याबाहेर हवा वरून खाली येते, तिथे ढगातला जोरच जातो. तुमच्या शेजाऱ्याचं चांगभलं होतं तेव्हा तुमचं नुकसान होतं ते निव्वळ योगायोगाने नाही!

आणि जमीन. 7 मार्चचा सूर्य म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचा सूर्य. ढगांआडूनही डांबर तापवतो. तासाला अर्धा इंच पडला तर रस्त्यावर पडतो आणि जातो. तासाला दोन इंच पडला तर सूर्याचं काही चालत नाही. तेही परत जोरावरच आलं.

रडारवर हे सगळं दिसतं, पण नेहमीच्या हिरव्या-पिवळ्या चित्रात नाही. 'कोरिलेशन कोएफिशंट' नावाचं एक वेगळं चित्र असतं. त्यात नुसता बर्फ किंवा नुसता पाऊस एकसारखा दिसतो आणि दोन्हींची खिचडी जिथे असते तिथे फाटक्या काठासारखा पट्टा उमटतो. त्या दुपारी तो काठ पुढेमागे सरकताना पाहत बसलो होतो. ऑफिसच्या दोन मीटिंगांना कॅमेरा बंद होता, इतकंच सांगतो.

मोजण्याचाही घोळ असतो, तो लोकांना माहीत नसतो. बर्फ अंगणात कुठेही पट्टी खुपसून मोजत नाहीत. पांढरा रंग दिलेली प्लायवुडची फळी ठेवायची, वाऱ्यापासून आडोशाला, पण झाडाखाली नाही. मोजून पुसायची, तीही सहा तासांतून एकदाच. कारण बर्फ स्वतःच्या वजनाने बसतो, आणि दर तासाला पुसून बेरीज केली तर आकडा फुगतो. जानेवारी 2016 च्या मोठ्या वादळात न्यूअर्क विमानतळाचा 28.1 इंचांचा आकडा पुढे याच कारणाने बाद ठरला. मार्चमध्ये तर हे फारच नडतं. संध्याकाळी सहाला 19 इंच असलेली माझी फळी पुसली नसती तर सकाळी 14 दाखवली असती. मग तुमच्या ऑफिसातल्या माणसाचा दीड फूट कुठला? बहुतेक गाडीच्या टपावरचा. टपावर मोजलेला आकडा मी कधीच मानत नाही.

मी फळीवरचा एक गोल कापून घरात आणून वितळवला. 19 इंचांचं सव्वादोन इंच पाणी निघालं. जानेवारीतल्या पिठूळ बर्फाचं याच्या निम्मंही निघत नाही. माझा ड्राइव्हवे वीस बाय तीस फुटांचा आहे. हिशोब केला तर तीन टनांवर पाणी होतं, आणि ते मी फावड्याने बाजूला केलं. असं परत करणार नाही. चाळिशी उलटलेल्यांनी मार्चचा बर्फ दर तीन-चार इंचांना काढावा, नाहीतर सरळ पैसे देऊन काढून घ्यावा.

आता अंदाजाबद्दल. 14 मार्च 2017 ला न्यूयॉर्क शहराला फुटाहून जास्त बर्फाचा इशारा होता. पडला 7.6 इंच, त्यातही साबुदाणा. तेच वादळ वर बिंगहॅम्टनला तीन फुटांच्या जवळ टाकून गेलं. नंतर कळलं की हवामान खात्याला आदल्या दिवशीच आकडे उतरताना दिसत होते, पण ऐनवेळी अंदाज फिरवला तर लोक निर्धास्त होतील म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. खूप टीका झाली. माझ्या मते आकडा उतरवायला हवा होता आणि इशारा ठेवायला हवा होता. एकदा लोकांना वाटलं की हे मुद्दाम वाढवून सांगतात, की पुढच्या वेळी खरं सांगितलेलंही कोणी ऐकत नाही. पण बाहेरून बोलणं सोपं आहे, हेही कबूल. आणि आम्हा हवामानवेड्यांचं तर ऐकूच नका. आम्हाला बर्फ हवा असतो. सहा मॉडेलांपैकी पाच पाऊस सांगत असतील तर आम्ही सहाव्याचा स्क्रीनशॉट पाठवतो.

तुम्ही एडिसनला आहात तर पुढच्या वेळी एवढं करा. ॲप बाजूला ठेवून राष्ट्रीय हवामान सेवेच्या माउंट हॉली कार्यालयाचं पान उघडा. मिडलसेक्स आणि मॉरिस दोन्ही काउंट्या त्यांच्याकडेच आहेत. (शेजारची एसेक्स मात्र लाँग आयलंडच्या अप्टन कार्यालयाकडे, त्यामुळे कधीकधी नकाशात काउंटीच्या हद्दीवरच बर्फ बदलतो, त्यावर आमच्यात कायम विनोद चालतात.) तिथे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे वेगळे नकाशे मिळतात. दोन्हींत दोन-तीन इंचांचा फरक असेल तर आकड्यावर भरवसा ठेवा. एकात एक इंच आणि दुसऱ्यात चौदा असेल तर समजा, रेषा तुमच्या डोक्यावर आहे. मग वादळ सुरू व्हायच्या आधीचा ड्यू पॉइंट बघा, म्हणजे हवा किती कोरडी किंवा दमट आहे ते सांगणारं तापमान (इथे फॅरेनहाइटमध्ये). हवा कोरडी असेल, विशीत किंवा त्याखाली, तर पहिल्या सरी वाळताना हवा थंड करतील आणि तुमच्याकडेही बर्फ जमायला वाव आहे. ड्यू पॉइंट आधीच 33-34 असेल तर दूध-ब्रेडची घाई नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जर्सी सिटीला गेलो होतो, कामच होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे ढीग. वीसेक मिनिटांनी डांबर काळं दिसायला लागलं, मग गवताची टोकं, मग पुरतं हिरवं गवत. मित्राच्या मुलीला स्नोमॅन करायचा होता आणि त्यांच्या अंगणात फक्त डबकं होतं, म्हणून मी डिकीत पिकनिकचा कूलर भरून बर्फ नेला होता. उघडला तर अर्धं पाणी. उरलेल्यात वीतभर स्नोमॅन झाला, तो तिने फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवला.