भर नदीत इंजिनाचा जोर गेला तर

प्रश्न : आमची पंधरा फुटी फायबरची बोट चांदोदला नर्मदेत असते. मागे २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलची टाकी वेगळी. पूर्ण थ्रॉटलवर दहा मिनिटे बोट छान पळते, मग जोर निम्म्यावर येतो आणि इंजिन धक्के खात बंद पडते. पाच मिनिटे थांबलो की पुन्हा पहिल्यासारखे. इंजिनातून पडणारी, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नेहमीसारखीच आहे. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, फरक नाही. मेकॅनिक आता नवा कार्बोरेटर घ्या म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : कार्बोरेटर इतक्यात घेऊ नका. त्यात कचरा अडकला असता तर पाच मिनिटांच्या विश्रांतीने तो निघाला नसता. तुमच्या वर्णनावरून पेट्रोल टाकीकडूनच कमी येत असावे, आणि ते तपासायला पाने-पेचकसही लागत नाहीत.

जोर कमी होऊ लागताच पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने दाबायचा रबरी फुगा पाहा. तो चपटा झाला असेल तर अडथळा फुग्यापासून टाकीच्या बाजूला आहे. टाकीचे झाकण हळूच सैल करा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि जोर परतला, तर झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा त्याचे भोक बुजले आहे. पेट्रोल जाते तेवढी हवा आत आली नाही की टाकीत पोकळी तयार होते. थांबल्यावर हवा झिरपून ती भरते, म्हणून इंजिन पुन्हा चालते.

हवेचे भोक मोकळे असेल तर टाकीच्या तळाशी असलेली ओढनळीची (पेट्रोल वर खेचणाऱ्या नळीची) जाळी काढून धुवा. मग नळी पाहा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या नळीचे आतले अस्तर त्याने फुगते, सुटते आणि जोराच्या ओढीला पडद्यासारखे आडवे येते. बाहेरून नळी धडधाकट दिसते, त्यामुळे हा दोष हमखास निसटतो. नळी, फुगा आणि दोन्ही टोकांचे जोड एकदमच बदला. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा.

फुगा चपटा नाही, पण दाबत राहिले की जोर परततो? मग पेट्रोल पंपाचा पडदा थकला आहे किंवा जोडाच्या रबरी वॉशरमधून हवा शिरते. फुगा कडक आहे आणि दाबून काही फरक नाही, तर प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल तापल्यावर काम सोडते का ते पाहा. ठिणगी स्पार्क टेस्टरनेच तपासा; उघडा प्लग धरून पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पाडू नका.

खात्री हवी असेल तर दुसरी टाकी आणि दुसरी नळी मागून आणा, पेट्रोल आणि तेलाचे ताजे मिश्रण भरा आणि काठाजवळच पूर्ण थ्रॉटलवर पंधरा मिनिटे चालवा. नीट चालले तर दोष तुमच्या टाकीत किंवा नळीत आहे, इंजिनात नाही. मिश्रण ५०:१ सांगितले असेल तर लिटरमागे २० मिली टू-स्ट्रोक तेल. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्या.

तोवर ओढून-ताणून चालवू नका. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पूर्ण थ्रॉटलवर त्याने पिस्टन घासून सिलिंडरला चिकटतो.

प्रश्न : इंजिनाचा आवाज चढतो, पण बोट पुढे ओढत नाही. हाही पेट्रोलचाच दोष का?
— एक वाचक, मांडवी, बडोदे

उत्तर : नाही. इंजिन जोर देते आहे, तो पाण्यापर्यंत पोचत नाही. आधी सुरक्षेची दोरी (जी काढली की इंजिन बंद होते) काढून प्लगच्या टोप्या उतरवा, मगच पंख्याला हात लावा. पंख्याच्या मधोमध रबरी बुश असते. आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि बोट चालवून आणा. रेघ तुटलेली दिसली तर बुश घसरते आहे. पंखा काढून त्याच्या मागे मासेमारीची दोर गुंडाळली आहे का तेही पाहा. तिने सील कापले की गिअर ऑइलमध्ये पाणी जाते. तेल दुधाळ दिसले तर सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.