बारा महिने एकच टायर, तोही स्पोर्टी: जमेल का?

प्रश्न: सर नमस्कार, मी मूळचा नाशिकचा, सध्या एडिसन, न्यू जर्सीला असतो. यंदा सेकंडहँड फोक्सवॅगन जीटीआय घेतली, टायर साइज २२५/४० आर १८. गाडीवर समर टायर आहेत आणि ते संपत आलेत. दुकानदार म्हणतो हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन टाका, बारा महिने बघायला नको. मित्र म्हणतो हिवाळ्याचा वेगळा सेट घेच. आठवड्यातून तीन दिवस २८७ नंबरच्या हायवेवरून ऑफिसला जातो, फार बर्फ पडला तर घरून काम करता येतं, पण हिवाळ्यात एखाद-दोन वेळा पोकोनोच्या डोंगरात स्कीइंगला जाणं होतं. काय घेऊ? आणि टायरवरच्या त्या आकड्या-अक्षरांत नेमकं बघायचं काय?

उत्तर: आधी एक काम करा, थंडी सुरू व्हायच्या आत ते समर टायर काढा, बाकीचं नंतर ठरवू. समर टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते, म्हणजे बर्फाची वाट बघायचीही गरज नाही, तुमच्याकडची नोव्हेंबरातली पहाट पुरेशी आहे.

ऑल-सीझनचं रबर थंडीतही बऱ्यापैकी मऊ राहतं, आणि ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर, बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात पकड घेतात. परफॉर्मन्स ऑल-सीझन म्हणजे त्यातच साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) जरा ताठ, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, हायवेला स्पीडमध्ये स्थिर वाटते. जीटीआयसारख्या स्पोर्टी गाडीला हे शोभतं. पण उन्हाळ्यात तो समर टायरएवढा चिकटणार नाही आणि बर्फात विंटर टायरएवढा थांबणार नाही, हे डोक्यात पक्कं ठेवून घ्या.

आता बर्फाचं, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. टायरवर एम प्लस एस लिहिलेलं असतं, म्हणजे मड अँड स्नो, ते नुसतं ट्रेडच्या डिझाइनवरून लिहिता येतं, बर्फात टेस्ट केलेली असावीच लागते असं नाही. टेस्ट झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं. पण ती टेस्टही दाबलेल्या बर्फावर गाडी किती पकड घेऊन पुढे जाते एवढीच मोजते, ब्रेक आणि वळण त्यात धरत नाहीत. आणि परफॉर्मन्स ऑल-सीझनमधल्या चांगल्या चांगल्या टायरवरही बऱ्याचदा नुसतं एम प्लस एसच सापडतं, म्हणून दुकानदार चालतो म्हणाला तरी साइडवॉल स्वतः वाचा.

तुमचं वापरायचं गणित बघता मी परफॉर्मन्स ऑल-सीझनच घेईन, आणि पोकोनोची तारीख हवामान बघून ठरवेन. वादळाचा इशारा असेल तर त्या वीकेंडला जाऊ नका किंवा विंटर टायरवाल्या मित्राच्या गाडीत बसा. पण तिथे दर पंधरा दिवसांनी जायला लागलात तर मात्र तुमचा मित्र बरोबर आहे, १७ इंची रिमवर २२५/४५ चा विंटर सेट घ्या (तुमच्या ब्रेकवर रिम बसते ना ते आधी तपासा). घेतलात तर चारही चाकांना, पुढच्या दोनच चाकांना टाकले तर वळणावर मागची बाजू घसरते, आणि ते फार वाईट असतं.

नावं विचाराल म्हणून सांगतो, मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस हे दोन आधी बघा. कॉन्टिनेंटलची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ट्रेडमध्येच डी, डब्ल्यू, एस (ड्राय, वेट, स्नो) अशी अक्षरं कोरलेली असतात. झिजत झिजत एस पुसला गेला की तो टायर बर्फाच्या कामाचा राहिला नाही, पुढे डब्ल्यू गेला की पावसाचाही नाही. दोन्हींची ट्रेड वॉरंटी ४५ ते ५० हजार मैलांच्या घरात आहे, पण शेवटच्या हजारो मैलांत ती बर्फाची पकड उरत नाही हे कोणी सांगत नाही. क्वार्टरचं नाणं खोबणीत उलटं घाला, वॉशिंग्टनचं डोकं पूर्ण दिसलं तर ४/३२ इंचाच्या खाली गेलात, बदलायची तयारी करा.

साइडवॉलवर साइजच्या पुढे ९२ असा आकडा असेल तर एक टायर ६३० किलो वजन पेलतो, त्यापुढचं अक्षर स्पीडचं, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किमी ताशी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा खाली जाऊ नका. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो त्याचा, आकडा कंपनी स्वतः देते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जरा जपूनच. ट्रॅक्शन एए ही ग्रेड म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्यावरची पकड, बर्फाचा काही संबंध नाही. आणि साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनंतर जो कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, नक्की वाचा, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा, सेल आहे म्हणून जुना माल माथी मारून घेऊ नका.

शेवटचं, ४० प्रोफाइल म्हणजे साइडवॉलची उंची २२५ मिमी रुंदीच्या ४० टक्के, फक्त ९ सेंटीमीटर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे खड्डे पडतात तेव्हा हवा कमी असली की रिम थेट आपटते आणि टायरला फुगा येतो, मग तो पॅच होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. दर १० अंश फॅरनहाइट थंडी वाढली की साधारण १ पीएसआय हवा उतरते. म्हणून महिन्यातून एकदा सकाळी टायर थंड असतानाच तपासा, स्टिकरवर आहे तेवढीच भरा, टायरवर कमाल म्हणून लिहिलेला आकडा भरायचा नाही.

प्रश्न: सर, माझा भाऊ अमेरिकेत ऑल-सीझन वापरतो. पुण्यात मीपण तसलेच शोधू का?

उत्तर: नको, त्यामागे पैसे घालवू नका. पुण्यात बर्फ नाही आणि थंडीही दिवसभर ७ अंशांच्या खाली राहत नाही, आपला खरा शत्रू घाटातलं साचलेलं पाणी. तेव्हा ओल्या रस्त्यावरचा ब्रेक चांगला असलेला टायर घ्या, आयएसआय मार्क बघा, आणि कायद्यात १.६ मिमीपर्यंत चालतं म्हणून तोवर थांबू नका, खोबण ३ मिमीवर आली की पावसाळ्याआधी, मे महिन्यातच बदला.