ल रोन ९सी हे जुने फ्रेंच विमान-इंजिन विकत घ्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, पहिल्या महायुद्धातील ८० अश्वशक्तीचे ल रोन ९सी हे इंजिन विक्रीला आहे, ते जाम आहे, ‘जोर लावला की फिरेल’ असे विक्रेता सांगतो, तर केवळ जपून ठेवण्यासाठी ते घ्यावे का. जरूर घ्यावे, असे मी मनापासून सांगेन. मात्र त्याला कोणीही जोर लावू नये, हे विक्रेत्याला आजच कळवावे.

याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. न्यूपोर ११ किंवा सॉपविथ पप या विमानांना ओढणारे हे रोटरी इंजिन असून त्याचा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला असतो आणि नऊ सिलिंडर, क्रँककेस (त्यांना धरणारे मधले कवच) व पंखा हे सारे एकत्र गरगर फिरते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येते व तेथून तांब्याच्या नळ्यांनी सिलिंडरांच्या माथ्याशी पोहोचते. या वाटेवर साधे खनिज तेल पेट्रोलात मिसळून पातळ झाले असते, म्हणून पेट्रोलात सहजी न विरघळणारे एरंडेल वापरत, आणि ते टाकीत परत न येता धुराबरोबर बाहेर फेकले जाई. आत राहिलेले एरंडेल मात्र वर्षानुवर्षे वाळत जाते आणि इंजिन जाम होते. माझी सारी नोकरी विमान-इंजिनांच्या दुरुस्तीत गेली. असे एक इंजिन उघडले तेव्हा आत मधाच्या रंगाचा, नखाने खरवडूनही न निघणारा थर मी पाहिला आहे. त्याआधी कोणीतरी पहार लावून ते फिरवले होते आणि एक कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकला होता. शंभर वर्षे टिकलेली वस्तू अशी एका दुपारच्या घाईत बिघडावी, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा स्पार्क प्लग काढून, आत प्रकाश सोडून सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात. चिकट थराची काळजी नाही, तो धीराने मऊ करता येतो. खोल गंजाचे खड्डे मात्र भरून येत नाहीत. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह (झडपा) एकच दांडा ढकलून आणि ओढून उघडतो. असे नऊ दांडे सरळ आहेत का, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते.

‘फ्रेंच’ या शब्दाचीही खातरजमा करावी. ल रोन इंजिने परवान्यावर इंग्लंडमध्ये बेडफर्डला आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील स्विसव्हेल येथेही बनत. त्यात कमीपणा काही नाही, पण फ्रेंच म्हणून जादा किंमत मागितली जात असेल तर निर्मात्याची पाटी पाहिलीच पाहिजे. ते ८० अश्वशक्तीचेच आहे का, हे मापावरून ठरते: ९सीच्या सिलिंडरचा आतला व्यास १०५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १४० मिलिमीटर असते, तर ११० अश्वशक्तीच्या ९जेमध्ये हीच मापे ११२ आणि १७० आहेत.

सर्वांत महत्त्वाची ती मागची बाजू. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारा भाग), ऑइल पंप आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) हे भाग न फिरणाऱ्या बाजूला बसवलेले असल्याने इंजिन विमानातून उतरवताना पुष्कळदा वेगळे होतात आणि हरवतात. विक्रेते समोरून, तांब्याच्या नळ्या चकाकवून छायाचित्रे काढतात; आपण मागच्या बाजूची मागवावीत आणि ती हाती येईपर्यंत किमतीचे बोलणे पुढे नेऊ नये.