वाचकांचे प्रश्न : जपानचे वार्धक्य आणि जपानची तिजोरी

प्रश्न : जपान सरकारवर देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक कर्ज आहे, असे वाचनात आले. तरीही तो देश बुडालेला नाही. मग वृद्धांच्या पेन्शनसाठी त्याने आणखी नोटा छापल्या, तर बिघडते कुठे?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

उत्तर : कर्ज कोणाचे आणि कोणत्या चलनात, हे आधी पाहावे लागते. जपानचे कर्ज येनमध्ये आहे आणि त्याचा बहुतांश भाग तिथल्याच बँका, विमा कंपन्या व मध्यवर्ती बँक यांच्याकडे आहे. एकट्या मध्यवर्ती बँकेने सरकारी रोख्यांपैकी जवळजवळ निम्मे रोखे घेऊन ठेवले आहेत. व्याजदर वर्षानुवर्षे शून्याच्या आसपास राहिले, २०१६ मध्ये तर शून्याच्याही खाली गेले, त्यामुळे मुद्दल फुगत असूनही व्याजाचा चटका बसला नाही. मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदराचे धोरण संपले. आता जुन्या रोख्यांची मुदत संपेल तसतसे नवे रोखे चढ्या दराने काढावे लागतील, आणि हे गणित आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नोटांचे म्हणाल, तर पेन्शन पैशात मिळत असली तरी त्या पैशातून वृद्धाला हवे असलेले जेवण, उपचार आणि शुश्रूषा ही त्या त्या वेळी कोणाच्या तरी कष्टातूनच उभी राहते. जपानमध्ये ६५ वर्षे व त्यावरील लोक सुमारे २९ टक्के आहेत, आणि २०२४ मध्ये प्रजननदर दर स्त्रीमागे १.१५ पर्यंत उतरला. कष्ट करणारे घटत असताना नुसता पैसा वाढवला, तर महागाई वाढते आणि येन घसरतो. इंधन आणि बरेचसे अन्न बाहेरून आणणाऱ्या देशाला तो दुहेरी मार ठरतो. म्हणून हा मुळात कष्ट करणारे आणि वृद्ध यांच्यातल्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि वाटणी कोणत्याही सरकारला जड जाते.

जपानने ती दोन बाजूंनी करून पाहिली. वृद्धांनीही करातला वाटा उचलावा, म्हणून उपभोग कर, म्हणजे प्रत्येक खरेदीवर लागणारा कर, १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला, १९९७ मध्ये ५ आणि २०१४ मध्ये ८ टक्के झाला. २०१४ च्या वाढीनंतर लोकांनी खरेदीच आखडती घेतली, तेव्हा पुढची वाढ दोनदा लांबणीवर पडून अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये १० टक्क्यांवर आली. त्यातही अन्नावर ८ टक्के कायम ठेवल्यामुळे, एकच खाद्यपदार्थ घरी नेला तर ८ आणि दुकानातल्या बाकावर बसून खाल्ला तर १० टक्के, अशी गंमत झाली.

दुसरी बाजू पेन्शनची. कामगार आणि मालक मिळून भरायची वर्गणी पगाराच्या १८.३ टक्क्यांवर गोठवायची, आणि वर्गणीदार घटतील व आयुर्मान वाढेल त्या मानाने पेन्शनमधली वार्षिक वाढ आपोआप थोडी कापायची, असे २००४ मध्ये ठरले. दरवर्षी संसदेत भांडण नको, हा त्यामागचा शहाणपणा मला मोलाचा वाटतो. मात्र भाव घसरत असताना ही कात्री चालत नव्हती आणि भाव तर बरीच वर्षे घसरत किंवा जागच्या जागी होते. त्यामुळे ती प्रथम चालली ती थेट २०१५ मध्ये. तोवर ज्येष्ठांची पेन्शन ठरल्यापेक्षा वरच राहिली आणि त्याची किंमत आज वर्गणी भरणारे तरुण त्यांच्या म्हातारपणी मोजतील.

प्रश्न : माझा पुतण्या जपानला वृद्धसेवेच्या कामासाठी जायचे म्हणतो. श्रीमंत देशाला आपली मुले कशाला हवीत?
– एक वाचक, विटा

उत्तर : कारण तिथे सोय आहे, पण माणूस नाही. २००० पासून तिथे वृद्धसेवेचा सक्तीचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, निम्मा खर्च करांतून भागवायचा, आणि बहुतेक लाभार्थींनी सेवेच्या बिलाचा दहावा हिस्सा द्यायचा. परदेशी माणसांबाबत फार काळ आढेवेढे घेतल्यावर एप्रिल २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा आला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी करार झाला. पुतण्याला जपानी भाषेची आणि सेवेच्या कामाची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील. या व्हिसावर मुक्काम पाच वर्षांचा, कुटुंब नेता येत नाही. वृद्धसेवकांसाठीची तिथली राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पुढेही तिथे राहण्याची वाट खुली होते. दलालाला पैसे देण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या गावात म्हातारेच उरले आहेत. जपानची चर्चा आम्हाला काय कामाची?
– एक शिक्षक, पाटण

उत्तर : पाटण-जावळीतले तरुण मुंबईला गेले, खानापूर-आटपाडीतले गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगले, त्यांचा पैसा गावी येतो, आई-वडिलांना दवाखान्यात नेणारा हात मात्र येत नाही. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा प्रजननदर १.७ आहे, म्हणजे उद्या पाठवायलाही मुले कमीच. जपानने १९६१ मध्ये सर्वांना पेन्शन आणि आरोग्य विमा लागू केला तेव्हा तो आजच्याइतका श्रीमंत नव्हता, पण वर्गणीदार तरुण होते. आपल्याकडे साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला ईपीएस-९५ ची (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच. आणि ज्याचा मालक रोज बदलतो त्याची वर्गणी गोळा कशी करायची, हे महाराष्ट्राने ओझी वाहणाऱ्या हमालांसाठीच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने करून दाखवले आहे : मजुरीबरोबर मालकाकडून घेतलेली जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, माथाडी मंडळाकडे जमा होते आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळते. ज्यांच्यासाठी हा कायदा झाला, त्यांतले पुष्कळजण आपल्याच तालुक्यातले आहेत. शेतमजूर आणि ऊसतोड कामगारांसाठी अशी वर्गणी आज, हाताला काम आहे तोवर, सुरू करता येईल.