मेट्रोनिडॅझोलला झोन आला नाही म्हणून लगेच 'रेझिस्टंट' लिहू नका

प्रश्न असा आहे: पोटातल्या गळूच्या पुवातून बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस (ऑक्सिजनशिवाय वाढणारा जंतू, म्हणजे अ‍ॅनेरोब) वाढला, म्युलर-हिंटन माध्यमाच्या प्लेटवर औषधांच्या नेहमीच्या डिस्क लावून ऑक्सिजनविरहित जारमध्ये ठेवला, मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकभोवती झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) आला नाही. 'रेझिस्टंट', म्हणजे औषधाला दाद न देणारा, असा रिपोर्ट देऊ का?

देऊ नका. या प्लेटवरचा कुठलाच झोन मोजण्यालायक नाही. म्युलर-हिंटनवर अ‍ॅनेरोब नीट वाढत नाहीत, आणि त्यावरच्या झोनसाठी प्रमाणित ब्रेकपॉइंटही (संवेदनशील की रेझिस्टंट हे ठरवणारे आकडे) नाहीत.

आधी मेट्रोनिडॅझोलचं बघू. हे औषध जसंच्या तसं मारत नाही. जंतूच्या आत त्याच्या नायट्रो गटाचं क्षपण (रिडक्शन) झालं तरच ते विषारी होतं, आणि त्यासाठी ऑक्सिजन नसावा लागतो. जारचं झाकण नीट बसलं नसेल, ऑक्सिजन काढणारं पॅकेट जुनं असेल, तर बॅक्टेरॉइड्स थोडा ऑक्सिजन सोसून वाढतो, पण औषध निकामी होतं. खोट्या रेझिस्टन्सचं हे नेहमीचं कारण आहे. जारमधला इंडिकेटर (ऑक्सिजन असला तर रंग दाखवणारा) रंगहीन झाला का, हे जार उघडण्याआधी पाहायचं. उघडल्यावर तो पुन्हा रंग धरतो. जारची खरी परीक्षा हवी असेल तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स डीएसएम २५५८९ या स्ट्रेनवर ५ मायक्रोग्रॅमची मेट्रोनिडॅझोल डिस्क लावून त्याच जारमध्ये ठेवा. झोन लहान आला तर दोष हवेचा.

दुसरी शंका शुद्धतेची. त्याच कॉलनीचं सबकल्चर चॉकलेट अगारवर ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. तिथे वाढ झाली तर हाती आलेला जंतू अ‍ॅनेरोब नाही, किंवा सोबत ई. कोलाय आहे. पोटातल्या पुवात हे फार घडतं.

आता चाचणी नव्याने. युकास्ट या युरोपीय मानक संस्थेची डिस्क पद्धत बॅक्टेरॉइड्सला लागू आहे: फॅस्टिडियस अ‍ॅनेरोब अगार, त्यात ५ टक्के घोड्याचं रक्त, इनॉक्युलम (जंतूंचं द्रावण) मॅकफारलंड १.० इतकं गढूळ, ३५ ते ३७ अंशांवर १६ ते २० तास. प्लेटचा पृष्ठभाग कोरडा हवा, नाहीतर वाढ पसरते. द्रावण तयार झाल्यापासून १५ मिनिटांत प्लेटवर, पुढच्या १५ मिनिटांत डिस्क, त्यापुढच्या १५ मिनिटांत जारमध्ये. प्लेट टेबलावर राहिली की सगळं बिघडतं. झोनच्या आत सुट्या कॉलन्या दिसल्या तर शुद्धता तपासा, आणि शुद्ध असल्या तर त्या धरूनच झोन मोजा. निम (मेट्रोनिडॅझोलला रेझिस्टन्स देणारं) जनुक असलेल्या स्ट्रेनमध्ये अशा कॉलन्या उशिरा उगवतात, म्हणून संशय असेल तर एमआयसी (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) मोजणारी स्ट्रिप लावून ४८ तासांनी पुन्हा पाहा.

सीएलएसआय या अमेरिकन संस्थेची मानकं पाळत असाल तर रेफरन्स पद्धत अगार डायल्यूशन (औषध अगारमध्येच मिसळून एमआयसी काढणं): ब्रुसेला अगार, हेमिन ५ आणि व्हिटॅमिन के-१ १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ५ टक्के लेक्ड (पेशी फोडलेलं) मेंढीचं रक्त, ४२ ते ४८ तास. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (तेच द्रव माध्यमात) फक्त फ्रॅजिलिस गटाच्या जंतूंसाठी. दोन्ही संस्थांचे आकडे मिसळू नका: मेट्रोनिडॅझोलसाठी सीएलएसआय एमआयसी ८ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत संवेदनशील धरते, १६ मधलं, ३२ पासून रेझिस्टंट, युकास्ट बॅक्टेरॉइड्सला ४ च्या वर रेझिस्टंटच म्हणते.

रिपोर्टमध्ये मेट्रोनिडॅझोल, मेरोपेनेम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, क्लिंडामायसिन. पेनिसिलिन तपासायची गरज नाही, फ्रॅजिलिस गटात बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलिन तोडणारा एन्झाइम) असतोच असं धरून चाला. क्लिंडामायसिनवर मात्र चाचणीशिवाय भरवसा नको, अर्म जनुकांमुळे रेझिस्टन्स बराच आढळतो. मेरोपेनेमचा झोन लहान आला तर सीएफआयए या मेरोपेनेम तोडणारा एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाचा विचार करा. ते असूनही त्याच्या पुढे ते चालू करणारा आयएस घटक नसेल तर जंतू संवेदनशील दिसू शकतो.

अमिकासिन, जेंटामायसिन लावूच नका. ती औषधं पेशीत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, ती इथे नाही. आणि १ मिलिग्रॅम कॅनामायसिन, ५ मायक्रोग्रॅम व्हँकोमायसिन, १० मायक्रोग्रॅम कोलिस्टिन या डिस्क ओळख पटवण्यासाठी असतात. फ्रॅजिलिस गट तिन्हींना रेझिस्टंट येतो, तो निकाल उपचारासाठी वॉर्डात पाठवायचा नसतो.

एवढं सगळं करूनही झोन नाहीच आला, तर स्ट्रेन कुक्ड मीट माध्यमात जपून ठेवा, एमआयसी रेफरन्स लॅबकडून पक्की करून घ्या, आणि तोवर सर्जनना फोन करून संशय कळवा.