१९७१ मध्ये रशियाने अमेरिकेचे सातवे आरमार अडवले नसते, तर भारत युद्ध हरला असता का?

नाही. हरला नसता.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण हा प्रश्न म्हणजे आमच्या घरातलं पन्नास वर्षांचं भिजत घोंगडं आहे, त्यामुळे जरा लांबण लागणार. घाई असेल त्यांनी इथूनच परतावं.

माझा सख्खा मामा नौदलात खलाशी होता. आपण रशियाकडून आठ मिसाईल बोटी घेतल्या, त्या चालवायला शिकायला जी पोरं व्लादिवोस्तोकला गेली त्यांच्यात तोही होता. कोकणातला माणूस, थंडी म्हणजे फार तर पहाटे गोधडी ओढून घेण्याइतकी. तिथे समुद्रच गोठलेला. ओला हात लोखंडी कठड्याला लागला की कातडी चिकटायची म्हणे. त्यात सगळं रशियनमध्ये: बटणं रशियन, पुस्तकं रशियन, शिकवणारा रशियन. मामा सांगायचा, पहिला शब्द फुकट मिळाला, कारण चहाला तेही ‘चाय’च म्हणतात. पुढचे मात्र रडवून गेले.

येताना त्याने घरून नेलेल्या चहापत्तीच्या बदल्यात एका रशियन खलाशाकडून कानांवर पट्ट्या पडणारी केसाळ टोपी आणली. पुढे तारा. लालबागच्या चाळीत त्या टोपीचा उपयोग काय? आम्ही पोरं ती घालून जिन्यात अस्वल-अस्वल खेळायचो.

आता वडील. गिरणीत साचेखात्यात, लाल बावट्याचे. घरात सोव्हिएतचं गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं आणि माझ्या सगळ्या वह्यांना त्याचीच कव्हरं असायची. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर, इतिहासाच्या वहीवर गव्हाच्या शेतात हसणारी बाई. गिरणगावात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

१ मे १९७२. मी सातवीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. मामा रजेवर आमच्याकडे आला होता. वडील मोर्चाला निघाले आणि डोक्यावर ती टोपी! मे महिना, डांबर वितळतंय आणि हा माणूस लांडग्याच्या कातड्यासारखी टोपी घालून घोषणा देतोय. घाम कानांवरच्या पट्ट्यांतून गळ्यापर्यंत उतरलेला. मामाने गॅलरीतून पाहिलं. तेव्हा काही बोलला नाही.

रात्री जेवताना ठिणगी पडली. वडील म्हणाले, “ज्यांनी ही टोपी दिली ना, त्यांनी देश वाचवला. ते नसते तर सातव्या आरमाराने मुंबई भाजून काढली असती.” मामाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “भाऊजी, टोपी त्यांची. आत डोकं आमचं होतं.”

मामाला काय म्हणायचं होतं ते समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. या बोटी जेमतेम दोनशे टनांच्या. रशियाने त्या बनवल्या स्वतःच्या बंदराची राखण करायला, फार लांब जायला नाहीत. मुंबईला तेवढं वजन उचलणारी क्रेन नव्हती म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून दुसऱ्या जहाजांनी दोरखंड लावून मुंबईपर्यंत ओढत आणल्या. बोट ओढत मुंबईला येते, तर ओढत कराचीच्या दिशेनेही जाईल, ही अक्कल आपल्या लोकांची. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर कराचीवर गेल्या. पाकिस्तानची खैबर विनाशिका बुडाली. आपल्याला कशाने मारलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. विमानाने हल्ला केलाय असा तिने संदेश पाठवला. चार दिवसांनी एकट्या विनाश बोटीने चार क्षेपणास्त्रं सोडली आणि कराची बंदरातल्या किमाडीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. आणि हे सगळं चालू असताना आपली पोरं बिनतारीवर एकमेकांशी रशियनमध्ये बोलत होती, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. मामा हे सांगताना दर वेळी दोन-चार रशियन वाक्यं म्हणून दाखवायचा. खरी की बनवलेली, देव जाणे.

आता सातवं आरमार. दर १६ डिसेंबरला जो व्हिडिओ फिरतो, ज्यात रशियन पाणबुड्या अमेरिकन जहाजांसमोर वर येतात आणि अमेरिकन शेपूट घालून पळतात, तो सिनेमा समजून बघा. रशियन युद्धनौका हिंदी महासागरात होत्या आणि अमेरिकन ताफ्यावर पाळत ठेवून होत्या, एवढं खरं. पण तारखा बघा ना. सातव्या आरमाराची विमानवाहू नौका ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागरात शिरली १५ डिसेंबरला. त्याच्या आदल्या दिवशी आपल्या मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेटं टाकली होती आणि पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरने राजीनामा लिहून दिला होता. १६ ला शरणागती. त्र्याण्णव हजार युद्धकैदी. वरात निघून गेल्यावर घोडा आला, त्याला कुणी अडवलं यावर काय भांडायचं?

मग अमेरिकेचा अध्यक्ष निक्सनने ती पाठवली कशाला? बंगाल्यांसाठी नाही आणि खरं सांगायचं तर पाकिस्तानसाठीही फारसं नाही. जुलैमध्ये त्याचा सल्लागार किसिंजर पोट बिघडल्याचं सोंग करून पाकिस्तानातून गुपचूप चीनला जाऊन आला होता आणि ती सोयरीक जमवणारा मध्यस्थ पाकिस्तानचा अध्यक्ष याह्याखान होता. त्याला वाऱ्यावर सोडलं तर चीन काय म्हणेल, ही काळजी. ढाक्यातल्या अमेरिकेच्याच वकिलातीने पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींबद्दल एप्रिलमध्ये कळवलं होतं, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही.

रशियाने मदत केली नाही असं मी म्हणत नाही. केली, पण समुद्रात नाही, न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांत. युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या असा ठराव सुरक्षा परिषदेत आला की रशिया नकाराधिकार वापरायचा, असं तीनदा झालं. महासभेत तर १०४ विरुद्ध ११ मतं आपल्या विरोधात पडली होती. जगात आपल्या बाजूला कोण होतं ते यावरून समजा. त्या नकाराधिकारांनी आपल्याला दहा-बारा दिवस मिळवून दिले आणि ढाक्याला पोचायला तेवढेच हवे होते.

पण ‘रशिया आपला जन्माचा मित्र’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच रशियाने १९६८ साली पाकिस्तानला शस्त्रं द्यायचं कबूल केलं होतं. मोठी माणसं आपापला हिशोब बघतात. आपला आणि त्यांचा हिशोब त्या वर्षी जुळला.

आणि आपल्या खुकरी युद्धनौकेचं नाव त्या व्हिडिओत का नसतं? ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तिचे कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. मामाच्या बरोबर भरती झालेला एक जण त्यात होता. त्या जेवणात मामाने वडिलांना हेच विचारलं, “त्या रात्री तुमचा रशिया कुठे होता?” वडिलांकडे उत्तर नव्हतं. आईने दोघांच्या ताटात भात वाढला, कुणी खाल्ला नाही. मामा सकाळी उठून गेला आणि पुढची सहा वर्षं आमच्या घरी जेवला नाही. टोपी मागे राहिली.

आता थोडं वडिलांच्या बाजूनेही, नाहीतर खाली येऊन लोक मला सुनावतील. मामाचा प्रश्न तसा अन्यायाचाच होता, पाणबुडीशी लढायला रशिया थोडाच येणार होता. मामा खलाशी होता, दिल्लीत आणि मॉस्कोत काय ठरत होतं ते त्याला कळायचं कारण नव्हतं. ९ ऑगस्टचा भारत-सोव्हिएत करार झाला नसता तर चीन इतका गप्प बसला असता का, हा प्रश्न रास्त आहे. बोटी, मिग, कराचीवर सुटलेलं प्रत्येक क्षेपणास्त्र त्यांचंच. आणि या सगळ्या भांडणात मुक्तिवाहिनीचं, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली पोरांचं, नाव ना मामाने घेतलं, ना वडिलांनी. नऊ महिने मेले ते तेच. तेव्हा माझ्याही ते लक्षात आलं नाही.

तुम्हाला सल्ला एवढाच की जमलं तर एखाद्या निवृत्त नौसैनिकाला गाठा आणि त्याचं ऐका. फक्त सुरुवात ‘रशियाने वाचवलं’ अशी करू नका.

आणि आमचे धाकटे बंधू हे ॲप वापरतात हे मला ठाऊक आहे. तर बाबा रे, ती टोपी तुझ्या डोंबिवलीच्या शोकेसमध्ये आहे आणि ‘बाबांना रशियन शिष्टमंडळाने भेट दिली’ असं तू पाहुण्यांना सांगतोस. बाबांना कुठल्याही शिष्टमंडळाने काहीही दिलेलं नाही. ती चहापत्तीच्या बदल्यात आलेली मामाची टोपी आहे. मामाच्या मुलाने ती दोनदा मागितली आहे. डांबराच्या गोळ्या काढून, नीट कागदात गुंडाळून पुढच्या रविवारी त्याला नेऊन दे.