कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या पार्लरमध्ये ओठांना फिलर स्वस्तात करून देतात. त्यात नेमकं काय असतं, करून घ्यावं का?

पार्लरमध्ये अजिबात नको.

फिलर म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून घेतलं जाणारं इंजेक्शन. बहुतेक फिलरमध्ये हायल्युरॉनिक ॲसिड असतं. हे आपल्या त्वचेतही असतं आणि पाणी धरून ठेवतं. नुसतं टोचलं तर काही दिवसांत विरघळून जाईल, म्हणून बीडीडीई नावाच्या रसायनाने त्याचे धागे एकमेकांत गुंफून घट्ट जेल करतात. दुखू नये म्हणून बऱ्याचदा लिडोकेन मिसळलेलं असतं. साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतं.

सूज, काळेनिळे डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातात, त्याची काळजी नको. खरी भीती आहे ती जेल रक्तवाहिनीत जाण्याची. टोचताच त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर दिसते, प्रचंड दुखतं. तिथली त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी हायल्युरोनिडेज टोचून जेल तातडीने विरघळवावं लागतं. ते इंजेक्शन पार्लरवाल्या ताईंकडे असेल का, आणि असलं तरी कुठे, किती द्यायचं ते त्यांना कळेल का? आणि स्वस्त सिरिंजमध्ये सिलिकॉन निघालं, तर ते विरघळतच नाही.

कोल्हापुरात एमडी त्वचारोगतज्ज्ञ आहेत, प्लास्टिक सर्जनही आहेत. त्यांच्याकडेच जा. सीलबंद बॉक्स तुमच्यासमोर फोडायला सांगा, बॅच नंबरचं स्टिकर मागून घ्या आणि हायल्युरोनिडेज आहे का हे आधीच स्पष्ट विचारा. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा ओठांवर हर्पिसचे (पाणी भरलेले) फोड येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.